जावाचा लाटसाहेब आणि चाचीकडच्या चाव्या

मी इंग्रजीतून मराठीत भाषांतरं करून पोट भरते. म्हणजे अर्धं भरते. उरलेलं अर्धं माझा नवरा भिवंडीजवळच्या वडप्याच्या गोदामात ड्युटी करून भरतो. प्रकाशक पाठवतील ते पुस्तक मी मुकाट्याने करते. मधुमेहाला पळवून लावा, मुलांना अभ्यासाची गोडी, शेअर बाजारातलं पहिलं पाऊल. मला मधुमेह नाही, मूल नाही, शेअर तर नाहीच नाही. तरी केलं. त्यामुळे एक दिवस फोन आला, की या वेळी एका डच गव्हर्नरचं चरित्र आहे, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं, तेव्हा मी फक्त पानं किती ते विचारलं. मग हे मराठीत वाचणार कोण, असंही विचारलं. प्रकाशक म्हणाले, ते माझ्यावर सोडा. ते दर वेळी असंच म्हणतात.

डच म्हटल्यावर माझ्या डोक्यात शाळेतलं एकच वाक्य होतं: पोर्तुगीज, डच, इंग्रज आणि फ्रेंच व्यापारासाठी भारतात आले. त्यातले डच पुढे कुठे गेले याची चौकशी मी कधी केली नव्हती. ते जावा-सुमात्राकडे गेले होते आणि तिथे शतकानुशतकं ठाण मांडून बसले होते. त्या हजारो बेटांवर त्यांचा एक गव्हर्नर असे. आपल्याकडे व्हाइसरॉय असायचा तसाच. राहायला पांढराशुभ्र राजवाडा, वाड्याभोवती हरणं सोडलेली बाग, पुढेमागे नोकरांची रांग. पहिली चाळीस पानं मी दात-ओठ खात केली. आपल्या आजा-पणज्यांवर ज्या लोकांनी राज्य केलं त्यांचेच हे भाऊबंद. याच्या पांढऱ्या कोटाची इस्त्री मी मराठीत का म्हणून वर्णन करायची?

पण काम घेतलं होतं आणि नेहमीप्रमाणे शुक्रवारी मी केलेली पानं घेऊन चाचीकडे गेले.

चाची म्हणजे आमची घरमालकीण. धामणकर नाक्याच्या मागच्या गल्लीतली आमची ती इमारत तिची. तिचा नवरा जहाजावर होता. सगळं आयुष्य दर्यावर काढून, कमाई घरी पाठवून त्याने ही इमारत उभी केली आणि खोल्या पागडीने, म्हणजे एकदाच मोठी रक्कम घेऊन नाममात्र भाड्यावर कायमच्या, दिल्या. तो गेला त्याला बरीच वर्षं झाली. चाचीचे दोन्ही मुलगे कल्याण रोडला लिफ्टच्या इमारतीत राहायला गेले, चाची गेली नाही. पहिल्या मजल्यावर माझ्या समोरचीच तिची खोली. शेजारच्या कारखान्यातले लूम, म्हणजे यंत्रमाग, सहा दिवस धडधडत असतात, इतके की समोरच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं. शुक्रवारी ते बंद. म्हणून आमचं वाचन शुक्रवारी.

चाचीला मराठी वाचता येत नाही, तिचं शिक्षण उर्दूत झालेलं. पण तिच्यासारखी ऐकणारी मी पाहिली नाही. ती सुपारी कातरत ऐकते. वाक्य जड झालं, इंग्रजी वासाचं झालं, की अडकित्ता भराभर चालतो. मजकूर मनात उतरला की अडकित्ता थांबतो. मधुमेहाच्या अख्ख्या पुस्तकात तो दोनदा थांबला होता. माझ्या संपादकांपेक्षा माझा या अडकित्त्यावर जास्त भरवसा.

गव्हर्नरच्या पहिल्या चाळीस पानांत चाचीने वाटीभर सुपारी कातरली. शेवटी म्हणाली, "पोरी, ह्यो तुझा लाट जेवतो, कपडे बदलतो नि सही करतो. दुसरं काय करतो का न्हाय?"

"थांबा की चाची. अजून लढाई सुरू नाही झाली."

आणि मग लढाई सुरू झाली. आधी त्याच्या मायदेशात. जर्मनांनी हॉलंड घेतलं, राणीला समुद्र ओलांडून इंग्लंडला जावं लागलं. म्हणजे हा इकडे एवढ्या बेटांचा धनी, आणि ज्या देशाच्या नावाने धनी, तो देशच दुसऱ्याच्या हातात. मागे घर नाही, आणि पुढून जपानी येतायत. एकेक बेट पडत होतं. हाताखालचे काही अधिकारी विमानाने ऑस्ट्रेलियाला रवाना झाले, त्यांना त्यानेच पुढच्या कामासाठी पाठवलं. विमानात त्यालाही जागा होती. तो गेला नाही. का गेला नाही, तर ज्यांच्यावर आपण इतकी वर्षं हुकूम चालवला त्यांना या वेळी सोडून जाणं त्याला बरं दिसेना. पुस्तकात याला मोठमोठे शब्द होते. मी ते सगळे काढून टाकले आणि साधं लिहिलं: तो थांबला.

अडकित्ता थांबला.

जपानी सेनापतीसमोर त्याला उभं केलं. सैन्याने हत्यारं खाली ठेवली, पण राज्य तुमच्या हवाली करतो असं काही केल्या तो म्हणेना. मग जपान्यांनी त्याला सवलत देऊ केली. तुमच्या वाड्यातच राहा, आमच्या पहाऱ्यात, बायको-मुलींसह. हरणं, बाग, पलंग, सगळं तसंच. त्याने नको म्हटलं. बाकीच्या कैद्यांना ठेवाल तसं मलाही ठेवा. आणि ठेवलं. बायको आणि मुली बायकांच्या छावणीत, तो वेगळ्या कोठडीत. साऱ्या लढाईत पुन्हा एकमेकांचं तोंड दिसलं नाही.

हे वाचताना मीच मध्ये थांबले. खरं सांगते, मी हे आदल्या दिवशी टाइप करत होते तेव्हाही मला पुढे लिहवेना. उठले, चहा केला, तो गार होऊन गेला. ज्या माणसाच्या कोटाला मी नावं ठेवत होते त्याच्यासमोर मी आता नकळत पदर सावरून बसले होते. इतकं सोपं होतं त्याला. कोणी दोष दिला नसता. बायको-मुलींसाठी राहिलो म्हणाला असता तर जगाने मान हलवली असती. आपण तर बसमध्ये खिडकीकडची जागा सोडत नाही.

चाचीने अडकित्ता खाली ठेवला. मग तिने विचारलं, "त्याचे कपडे कोन धूत असंल मंग?"

"स्वतःच धूत असेल."

"जमलं असंल का त्याला?" ती खरंच काळजीत पडली होती. "कधी बादली उचलली नसंल त्या मानसानं." आणि जरा थांबून, "त्याच्या बायकोची तर कमालच. वाडा सोडून छावनीत! अल्ला, कसली मानसं ही!"

त्यानंतर चाची शुक्रवारची वाट बघेना. मंगळवारी, बुधवारी, लूमच्या धडधडाटात दार ठोठावून खुणेने विचारायची: पुढे काय झालं? जिन्यात भेटेल त्याला ती लाटसाहेबाची गोष्ट सांगत असे. तळमजल्यावर एक मावशी राहतात, गणेशपुरीच्या बाजूच्या डोंगरातल्या पाड्यावरच्या. त्या वडप्याच्या गोदामात खोकी भरायला जातात. त्यांनाही चाचीने पाणी भरता भरता ऐकवली. मावशींनी सगळं ऐकून हंडा उचलला आणि "बरा व्हता" एवढंच म्हणाल्या.

मे महिन्यात जिन्याचा एक तुकडा पडला. कोणाला लागलं नाही, पण आवाज गल्लीभर झाला. पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक इमारती रिकाम्या करतेच, त्यात आमचं नाव लागलं. शुक्रवारी सकाळी माणसं आली. दुपारपर्यंत बाहेर पडा, लागेल तेवढंच घ्या. पलीकडे पालिकेची शाळा सुट्टीसाठी बंद होती, तिथल्या दोन वर्गखोल्या आम्हाला दिल्या. मी लॅपटॉप, शब्दकोश आणि कुकर घेतला. नवऱ्याने गादी घेतली. घाईत माणूस काय उचलेल ते सांगता येत नाही. वरच्या मजल्यावरच्या एका घराने भिंतीवरचं घड्याळ तेवढं आणलं आणि डाळ-तांदूळ विसरले.

आणि त्या घाईत आम्ही सगळ्यांनी मिळून एक चूक केली. आमच्या इमारतीतल्याच माणसांच्या हातून व्हावी अशी.

आमच्याकडे रीत होती, की गावाला जायचं तर कुलूप लावून चावी चाचीकडे द्यायची. कोणी सोलापूरकडे जायचं, कोणी आझमगढला, मावशी होळीला पाड्यावर. चावी चाचीच्या दाराआतल्या खिळ्याला टांगायची आणि निर्धास्त जायचं. मागे पाणी आलं तर ती दार उघडून पिंप भरून ठेवी, गॅस चालू राहिला असेल तर बंद करी. त्या शुक्रवारीही प्रत्येकाने कुलूप लावलं आणि पाय आपोआप चाचीकडे वळले. हातात सामान, काखेत पोर, आणि जाता जाता चावी चाचीच्या हातात. मीही दिली. विचार करायला वेळ नव्हता आणि विचार करण्यासारखं त्यात काही आहे असंही कोणाला वाटलं नाही. चाचीने सगळ्या चाव्या एका कापडाच्या पट्टीत ओवल्या आणि पिशवीत टाकल्या.

संध्याकाळी दोघे मुलगे गाडी घेऊन शाळेत आले. थोरला बोलणारा, धाकटा त्याच्यामागे उभा राहणारा. थोरला म्हणाला, "अम्मी, चल. तुझी खोली तयार आहे. एसी लावलाय."

चाची वर्गातल्या बाकावर बसली होती. फळ्यावर कुणीतरी काढलेलं फुलपाखरू तसंच होतं. ती म्हणाली, "आनी हे सगळे?"

"त्यांची सोय केलीय ना पालिकेनं."

"मंग माझी पन केलीय."

"अम्मी, इथं जमिनीवर झोपशील? तुझे गुडघे?"

"लाटानं वाडा सोडला, माझे गुडघे काय घिऊन बसलास?"

थोरल्याला काहीच कळेना. कोणता लाट, कुठला वाडा? त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच त्याच्या आईला काहीतरी खायला घातलंय. मी मान खाली घातली. पुस्तकातला माणूस पुस्तकात थांबतो, तो थोर असला तरी लांबचा. इथे सत्तरी उलटलेली बाई, दुखऱ्या गुडघ्यांची, एसीची खोली नाकारून आमच्या शेजारी चटई पसरत होती. मुलगे दोन तास बसून परत गेले.

वर्गात आमचे दिवस बरे गेले असं म्हणवत नाही. पंखा एकच, मच्छर फार, नळ मैदानाच्या टोकाला. पण चाचीमुळे भांडणं झाली नाहीत. पाण्याला तीही रांगेत उभी राही. कोणी पुढे जा म्हटलं तर रागवायची. संध्याकाळी ती मला म्हणे, "काढ तुझा लाट." मग लॅपटॉप उघडून मी वाचायची आणि आता ऐकायला सगळी इमारत. कोणाला मराठी अर्धीच कळे, त्याला शेजारचा हिंदीत सांगे. दिवसभर गोदामात नाहीतर लूमवर राबून आलेली माणसं जावाच्या गव्हर्नरसाठी जागी राहत.

मी वाचत गेले. त्याला जहाजातून दूर नेलं, आधी एका बेटावर, मग चीनच्या उत्तरेला, जिथे पाणी नळातच गोठतं. दुसऱ्या देशांचे हरलेले सेनापती आणि गव्हर्नर सगळे एका छावणीत. कालपर्यंत ज्यांच्या एका शब्दावर फौजा हलत त्यांना शेतात राबावं लागे, पहारेकऱ्यांपुढे वाकावं लागे. उपासमार, पत्र नाही, बायको-मुली जिवंत आहेत का नाहीत याचा पत्ता नाही. आणि या सगळ्यात तो मोडला नाही. वरच्या मजल्यावरचा लूम चालवणारा एक म्हणाला, "मान गए, भाई." मावशी पुढे सरकून बसल्या. अशा वेळी मला वाटायचं, या पुस्तकाचे वाचक कोण ते प्रकाशकांना कळवायला हवं.

एका रविवारी थोरला एकटाच आला. चाचीच्या पिशवीतून औषधाची डबी काढायला गेला आणि त्याच्या हाताला चाव्या लागल्या. त्याने जुडगा बाहेर काढला, पाहिला, आणि त्याचा चेहराच बदलला.

"सगळ्यांनी दिल्यात?"

"दिल्यात की. कुठं ठेवतील ती बिचारी?"

तो आईजवळ वाकला. हळू बोलत होता, पण मी पलीकडच्याच बाकावर शब्दकोश उघडून बसले होते आणि वर्गखोलीत आवाज लपत नाही. तो म्हणाला, "अम्मी, पागडीच्या खोलीची चावी मालकाला दिली म्हणजे खोली सोडली. कोर्टात कितीही वर्षं भांडले तरी हेच विचारतात, चावी कोणाकडे? यांनी स्वतःहून दिली. आता यांचा हक्क नाही राहिला. इमारत पाडून नवीन बांधायला बिल्डर तयार आहे. तू चाव्या घे आणि घरी चल, बस्स. कोणाला काही बोलायचं नाही."

कायदा नेमकं काय म्हणतो ते मला आजही ठाऊक नाही. पण भिवंडीत चावीवरून झालेली भांडणं मी पाहिली आहेत, आणि चावी हातात नसलेला माणूस कसा वर्षानुवर्षं खेटे घालतो तेही. सासऱ्यांनी पागडी भरून घेतलेल्या त्या खोलीत आम्ही नऊ वर्षं राहत होतो, दुसरं काही आमचं नव्हतं. मावशींचं तर शहरात तेवढंच.

चाचीने जुडगा त्याच्या हातून घेतला. तिने चाव्या परत पिशवीत ठेवल्या. थोरला म्हणाला, शनिवारी येतो.

रात्रीच्या जेवणाआधी ही गोष्ट सगळ्यांना कळली होती. आणि मग जे झालं ते बाहेरच्याला पटणार नाही. कोणीही चाचीकडे आपली चावी मागितली नाही. माझा नवरा मला म्हणाला, तू माग, तुझी तिच्याशी जवळीक. मी त्याच्यावर खेकसले, तूच माग की! पण त्याच्याही तोंडून शब्द निघाला नसता. जिने आमच्या मागे आमची पिंपं भरली तिला, माझी चावी दे, माझा तुझ्यावर विश्वास नाही, असं म्हणायचं कसं? तिने एसी सोडला होता आमच्यासाठी. आम्ही सगळे तिच्याभोवती वावरत होतो, तिला चहा देत होतो, आणि डोळे त्या पिशवीवर. तीही ती पिशवी उशाशी घेऊन निजू लागली. तिच्या मनात काय आहे ते कळायला मार्ग नव्हता. मुलगे तिचेच होते. इमारत नवऱ्याच्या घामाची होती. तिने चाव्या घेऊन जायचं ठरवलं असतं तर कोणत्या तोंडाने आम्ही तिला नावं ठेवणार होतो?

मला तिचा रागही आला, खोटं कशाला बोलू. एवढी लाटाची पूजा करतेस, मग आता गप्प का? असं मनातल्या मनात तिला सुनावत मी कुकर घासत होते.

शुक्रवारी शेवटचा भाग उरला होता. लूम बंद होते, सगळी लवकर जमली. मी सुरुवात करणार तेवढ्यात मावशींनी वाचनाच्या वेळी पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"बाई, येक इचारू? त्या सायबाचं घर कुटं व्हतं?"

"हॉलंडला. लांब. बोटीने महिना लागायचा."

"मंग ज्यो वाडा सोडला, त्यो कोनाचा?"

"सरकारचा."

"कंचा सरकार? तिथली मानसं कुटं ऱ्हायची?" मावशी माझ्याकडे नाही, जमिनीकडे बघत बोलत होत्या. "आमच्या पाड्याखाली पन येक बंगला हाय. मोठा सायब बांधून गेला म्हनतात. जागा आमच्या देवाची व्हती."

याचं उत्तर पुस्तकातच होतं, शेवटच्या भागात, आणि मी तो वाचला. लढाई संपली. तो सुटला, हाडाचा सापळा होऊन, पण ताठ. बायको-मुली जिवंत भेटल्या. आता आपण परत जाऊन कारभार हाती घ्यायचा असं त्याच्या मनात. पण तो कैदेत होता तेवढ्या काळात तिथल्या लोकांनी जाहीर केलं होतं की हा देश आमचा आहे. आणि त्यांचे पुढारी कोण, तर याच्या अमदानीतही दूरदूरच्या बेटांवर डांबून ठेवलेली माणसं. लढाईआधी त्यांनी थोडासा कारभार मागितला होता, तोही याने दिला नव्हता. त्यांच्याशी बोलणी करायची असं त्याच्या मायदेशाने ठरवलं. त्याला ते मानवलं नाही. त्याने राजीनामा दिला. पुन्हा त्या वाड्यात गव्हर्नर म्हणून गेलाच नाही.

मग चाची बोलली. तिचा आवाज मला ओळखू आला नाही.

"इतकी वर्सं कैदेत बसला. भुका ऱ्हायला. बायको-पोरींना छावनीत धाडलं. एवढं सगळं सोसलं." ती थांबली. "आनी घर कोनाचं, ते एकदा बी मनात आलं न्हाय?"

"नाही आलं, चाची. निदान पुस्तकात तरी नाही."

"एवढा मोठा मानूस!" ती म्हणाली. मला अजून सांगता येत नाही, की त्यात कौतुक जास्त होतं की दुःख. मलाही तेव्हा तसंच झालं. इतकं धैर्य आणि इतका आंधळेपणा एकाच माणसात राहू शकतो, हे बघून मी थक्क होऊन बसले होते. त्याच्याविषयीचा माझा आदर गेला नाही. तो गेला असता तर सोपं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघेही मुलगे आले. धाकट्याने गाडीतून चाचीच्या चटईसाठी दोरीही आणली होती. थोरला म्हणाला, "अम्मी, चल आता. बस झालं."

चाची भिंतीला धरून उठली. पिशवीतून जुडगा काढला आणि पट्टीची गाठ सोडू लागली. गाठ घट्ट बसली होती. मी पुढे झाले तर तिने मला हाताने थांबवलं. दात लावून सोडवली. मग पहिली चावी नुसती चाचपून तिने नाव घेतलं, वरच्या मजल्यावरच्या घड्याळवाल्यांचं. त्यांच्या हातात चावी ठेवली आणि आपल्या दोन्ही हातांनी त्यांची मूठ मिटवली. मग दुसरी. मग तिसरी. थोरला म्हणाला, "अम्मी, काय करतेस?" ती थांबली नाही.

मावशींनी हात मागे घेतला. "ऱ्हाऊ द्या ना तुमच्यापाशी. आमी कुटं ठेवनार?" त्यांना खरंच अपमान वाटत होता चावी परत घ्यायला, तोही चाचीचा.

"घे. जवा पाड्यावर जाशील तवा दिशील. आता काय तू पाड्यावर न्हाय चालली."

मावशींनी घेतली. माझीही मला मिळाली. चाचीचे हात गरम होते. नवरा माझ्यामागे उभा राहून डोळे पुसत होता.

"अम्मी," थोरल्याचा आवाज चढला, "त्या खोल्या आपल्या आहेत!"

"भिंती आपल्या. खोल्या यांच्या. तुझ्या बापानं पागडी घेतली तवाच दिल्या. नवीन बांध, उंच बांध, लिफ्ट लाव. पन यांची दारं यांना दे." पट्टीत एक चावी उरली होती. ती तिने त्याच्या हातात ठेवली. "ही माझ्या खोलीची. तुमची एवढीच."

थोरला त्या चावीकडे बघत राहिला. पुढे नव्या इमारतीच्या करारात आमची सगळ्यांची नावं आली, ती त्यानेच घातली. पण त्या सकाळी हे त्यालाही ठाऊक नव्हतं आणि आम्हालाही. मला वाटलं तो आता ओरडेल. तो बाकावर बसला. धाकटा दोरी हातात घेऊन तसाच उभा.

चाचीने पदर डोक्यावर नीट घेतला. "चल. गाडी कुठं लावलीस?"

त्याने मान वर केली. "तू येणार?"

"मंग? गुडघे दुखतात माझे. इतके दिवस यांच्या चाव्या व्हत्या माझ्याकडं, कशी येनार? आता माझ्याकडं कुनाचं काय न्हाय."

त्याने उठून तिचा हात धरला. मैदान ओलांडून ती दोघं फाटकाकडे गेली, हळूहळू, ती मध्येच थांबत होती. आम्ही सगळे वर्गाच्या दारात उभे होतो, मुठी मिटलेल्या. थांब म्हणावं असं प्रत्येकाला वाटत होतं आणि कोणालाच म्हणता आलं नाही.